ओवा: फोडणीत, पोपटीत आणि पोटात

माडबन

वालाच्या बिरड्याच्या धाग्यावर ओव्याबद्दल इतके प्रश्न आले की मूळ पाककृती बाजूलाच राहिली, म्हणून हा वेगळा धागा काढला. ओवा कशात घालायचा, किती, कधी आणि पोटासाठी घेताना काय पाळायचं, हे एका जागी यावं.

सुरुवात दाण्यापासून करते. ज्याला आपण ओव्याचं बी म्हणतो ते खरं तर बारकं सुकलेलं फळ आहे. जिरं, धणे, बडीशेप यांच्याच कुळातलं. भिंगाखाली धरलं तर अंगावर फिकट कंगोरे दिसतात. त्या कंगोऱ्यांच्या आसपास, सालीच्या आत, तेलाच्या अगदी बारीक नळ्या असतात. हे उडून जाणारं तेल दाण्याच्या वजनाच्या साधारण 2 ते 4 टक्के भरतं आणि त्यातला मोठा वाटा, बहुधा 35 ते 60 टक्के, थायमॉलचा असतो. ओवा चावल्यावर जिभेला येणारी झिणझिणी, घशात उतरणारी ऊब, तो उग्र वास, हे सगळं त्या थायमॉलचं.

ओव्याशी कसं वागायचं ते यावरूनच ठरतं. थायमॉल तेला-तुपात चटकन उतरतं, पाण्यात मात्र फारच कमी, लिटरभर पाण्यात जेमतेम ग्रॅमभर. म्हणून भाजीत ओवा घालायचा तर फोडणीतूनच. रटरटत्या भाजीवर वरून भुरभुरलेला ओवा दाताखाली तेवढा लागतो, भाजीला लागत नाही. शिवाय ते वाफेबरोबर निघून जातं, म्हणून ओवा पडला की झाकण हवं. आणि दाणा अख्खा राहिला तर तेल नळ्यांतच अडकून राहतं, म्हणून घालण्याआधी तळहातावर चुरडायचा. कूट करायचं नाही, नुसता दाबून चोळायचा. चोळल्यावर वास नाकाला झोंबला पाहिजे. झोंबत नसेल तर तो ओवा जुना झाला, त्याचं प्रमाण वाढवून काही साधत नाही.

आपल्याकडे कोकणात ओवा पिकत नाही. तो येतो मुख्यतः राजस्थान आणि गुजरातमधून, तिथलं ते रब्बीचं पीक. नवा माल उन्हाळ्याच्या तोंडावर बाजारात उतरतो, तेव्हाच वर्षाचा घेतलेला बरा.

पागोळी

माडबनताई, गवारीच्या भाजीला ओव्याची फोडणी दिली की कधी कधी कडवट झाक येते. ती गवारीची की ओव्याची? आणि मोहरी आधी की ओवा आधी?

माडबन

बहुतेक वेळा ओव्याचीच. ओव्याचा दाणा बारीक असतो, मोहरी तडतडेल इतक्या तापलेल्या तेलात तो चार-पाच सेकंदांत काळा पडतो आणि मग कडू होतो. मोहरी आधी टाका. ती पूर्ण तडतडली की गॅस अगदी बारीक करा, हिंग टाका, मग चुरडलेला ओवा. दाण्याभोवती बुडबुडे आले आणि वास सुटला की लगेच हळद आणि पाठोपाठ भाजी. भाजी चिरून हाताशी नसेल तर फोडणी करायलाच घेऊ नका.

पाव किलो गवारीला 2 चहाचे चमचे तेल आणि अर्धा चहाचा चमचा ओवा पुरतो. गवार मोडून, शिरा काढून, धुऊन निथळून घ्या. ओली भाजी पडली की तेल एकदम थंड होतं आणि ओव्याचा अर्क उतरायचा राहतो. झाकणावर पाणी ठेवून वाफेवर शिजवायची, लागलं तर तेच गरम पाणी आत घालायचं. गूळ आणि ओलं खोबरं शेवटी. लाल मिरची पूड घालणार असाल तर थोडीच, कारण ओव्याचा तिखटपणा वेगळा आहे आणि दोन्ही जोरात असले की दोन्ही वाया जातात.

याच पद्धतीने अळकुड्या, सुरण आणि कच्च्या केळ्याची भाजी करता येते. अळकुड्या-सुरणाला मात्र ओव्याबरोबर आमसूल किंवा चिंच हवीच. घशाची खाज ओव्याने जात नाही, ती आंबटाने आणि नीट शिजवण्याने जाते.

शेवरं

वालाला ओवा घातला की गॅस होत नाही, हे कितपत खरं?

ताम्हण

अर्धंच खरं आहे, आणि उरलेलं अर्धं समजून घेणं जास्त महत्त्वाचं.

वाल, पावटे, चवळी, हरभरा यांत काही साखरी अशा असतात की त्या तोडणारं पाचकद्रव्य माणसाच्या लहान आतड्यात नसतंच. त्या तशाच मोठ्या आतड्यात पोचतात, तिथले जिवाणू त्या आंबवतात आणि वायू तयार होतो. ओवा या साखरी कमी करत नाही. त्या कमी होतात भिजवण्याने, भिजवलेलं पाणी ओतून देण्याने आणि मोड आणण्याने, कारण अंकुर फुटताना दाणा स्वतःच त्या साखरी वापरून टाकतो. म्हणून वाल 10 ते 12 तास भिजवणं, एकदा तरी पाणी बदलणं, मग फडक्यात बांधून दिवसभर मोड येऊ देणं, हे सगळं चवीइतकंच पोटासाठीही आहे. सोलण्याआधी मोडाचे वाल कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं टाकले की साल सुटते, आणि तेही पाणी टाकूनच द्यायचं.

ओव्याचं काम त्यापुढचं. त्याचं तेल आतड्याच्या स्नायूंचा आवळ सैल करतं, अडकलेला वायू सरकतो, ढेकर येते, पोट हलकं वाटतं. वायू होणं कमी होत नाही, होणारा त्रास कमी होतो. न भिजवता, घाईघाईत कुकरला लावलेल्या वालावर चमचाभर ओवा ओतून उपयोग नाही.

वाटीभर सुक्या कडव्या वालांच्या बिरड्याला पाऊण चहाचा चमचा ओवा फोडणीत घालावा. आमसूल आणि गूळ मात्र वाल बोटाने दाबून मऊ लागल्यावरच. आंबट आधी पडलं की कडधान्य शिजताना आखडतं, मग कितीही वेळ ठेवा, आत टणकच राहतं. आणि डाव घालून ढवळायचं नाही, पातेलं धरून हलवायचं. सोललेला वाल लगेच मोडतो.

रातांबा

कुळथाच्या पिठीला ओवा घालणारे काही जण आहेत. माझ्या मते तिथे नको. कुळथाला लसूण, हिरवी मिरची आणि आमसूल पुरे, ओव्याने कुळथाचा भाजका वास झाकला जातो.

पागोळी

आणि कोंबडी-वड्याच्या पिठात?

रातांबा

तिथेही नको. वड्याच्या पिठात धणे, मेथी, बडीशेप. ओवा घातला की वड्याची चव मठरीसारखी होते. बांगड्या-तारल्यालाही ओवा लावू नये, तिथे तिरफळच.

खाजण

कोकणात ओवा खऱ्या अर्थाने कुठे राज्य करतो, तर पोपटीत, म्हणजे मडक्यात भरून आगीत भाजलेल्या वालाच्या शेंगांत. अलिबाग, पेण, रोहा या बाजूला थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की पोपट्या लागतात. भातकापणीनंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर हा वाल येतो, वेगळं पाणी द्यावं लागत नाही, आणि त्या शेंगेची गोडी बाजारच्या शेंगेला नसते. पोपटीत मसाला असा दोनच गोष्टींचा, जाडं मीठ आणि ओवा. त्यामुळे दोन्हींचं प्रमाण चुकलं की सावरायला तिसरं काही हाताशी नसतं. म्हणून सविस्तर लिहितो.

मडकं मातीचं, बेताच्या तोंडाचं. बोटाने वाजवून बघा, खणखणीत आवाज आला पाहिजे. भदभद आवाज आला तर कुठेतरी तडा आहे आणि ते आगीत फुटणार. आतून पुसून कोरडं ठेवा.

दुसरी गोष्ट भांबुर्ड्याचा पाला. ही थंडीत शेताच्या बांधांवर, रिकाम्या खाचरांत आपोआप उगवणारी वनस्पती. पानांना स्वतःचाच उग्र वास असतो, ओव्याच्या जवळ जाणारा, म्हणूनच या दोघांचं जमतं. पाला ओळखणाऱ्या माणसाबरोबर जाऊन काढा, फवारणी झालेल्या बांधावरचा घेऊ नका, आणि धुऊन झटकून घ्या. तळाला हाताच्या पंज्याएवढा जाड थर दाबून बसवायचा, बाजूंनाही फिरवायचा. पाला कंजूसपणे घातला की मडक्याला टेकलेल्या शेंगा करपतात. पोपटी बिघडण्याचं पहिलं कारण हेच.

आता शेंगा. अख्ख्या, दाणा भरलेल्या, पण साल हिरवी असलेल्या. साल पिवळी पडून सुकायला लागली असेल तर आतला दाणा पिठूळ होतो. 2 किलो शेंगा धुऊन निथळा आणि ओलसर असतानाच परातीत घेऊन त्यांना 60 ते 70 ग्रॅम जाडं मीठ आणि 20 ग्रॅम ओवा चोळा. 20 ग्रॅम म्हणजे साधारण 8 ते 10 चहाचे चमचे. वाचताना जास्त वाटेल, पण बराचसा ओवा आणि मीठ सालीवरच राहतं, खाताना आपण दाणा खातो. दाण्यापर्यंत पोचतो तो ओव्याचा वास आणि सालीतून मुरलेलं थोडं मीठ. ओवा इथेही तळहातावर चुरडूनच. शेंगा कोरड्या असतील तर मीठ-ओवा घरंगळून तळाला जातो, मग खालच्या शेंगा खारट आणि वरच्या अळणी. हे दुसरं कारण.

बटाटे, रताळी किंवा कोनफळ घालायचं तर मध्यम आकाराचं, आणि मडक्याच्या मधोमध. अंडी घालायची तर तीही मधोमध, शेंगांच्या गादीत, एकमेकांना न टेकवता. कोंबडी घालणार असाल तर तुकडे लहान करून, आलं-लसूण-मीठ-मसाला आणि थोडा ओवा लावून केळीच्या पानात घट्ट बांधा. मोठे तुकडे आतून कच्चे राहतात आणि ते उघडल्याशिवाय कळत नाही.

सगळं भरून झालं की तोंडाशी पुन्हा पाला, दाबून, बूच बसवल्यासारखा. पाणी एक थेंबही घालायचं नाही. मडकं जमिनीवर पालथं घालायचं, आणि चहूबाजूंनी, वरूनही, पेंढा, काटक्या, गोवऱ्या लावून पेटवायचं. पालथं घालण्याचं कारण साधं आहे: शेंगांची आणि पाल्याची वाफ वर जाते, मडक्याचा बंद तळ आता वर असतो, तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही. थायमॉल वाफेबरोबर उडतं हे माडबनताईंनी लिहिलंच आहे, इथे ती वाफच कोंडलेली असते. ओव्याचा इतका पुरेपूर वापर दुसऱ्या कुठल्या पदार्थात होत नसेल.

आग सगळ्या बाजूंनी सारखी हवी. एकाच बाजूला लाकूड जास्त झालं की एकीकडचं जळतं, दुसरीकडचं कच्चं. अर्ध्या ते पाऊण तासात होतं. झालं की नाही ते बघायला मडक्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडा. चर्रर्र करून क्षणात उडाले आणि ओव्याचा वास दूरवर यायला लागला की आग बाजूला सारा. लगेच उघडू नका, पाच-दहा मिनिटं तशीच राहू द्या. मग ओल्या गोणपाटाने धरून उलटं करा, तोंडाचा पाला काठीने काढा, अंगावर वाफ येते, तोंड लांब ठेवा.

शेवरं

भांबुर्डा मिळाला नाही तर?

खाजण

केळीची पानं वापरा. ओल मिळेल, वास नाही मिळणार. तेव्हा ओवा 2 किलोला 25 ग्रॅमपर्यंत न्या. ओळख नसलेला कुठलाही रानपाला मात्र घालू नका.

पाटावरवंटा

दिवाळीच्या फराळातल्या ओव्याबद्दल लिहिते. शेवेत अख्खा ओवा गेला की सोऱ्याच्या बारीक ताटलीची भोकं बुजतात आणि शेव तुटत तुटत पडते. त्यासाठी अर्धा किलो बेसनाला 2 चहाचे चमचे ओवा घ्यावा, अर्धी वाटी कोमट पाण्यात तासभर भिजवावा, त्याच पाण्यासकट बारीक वाटावा आणि पातळ फडक्यातून पिळून घ्यावा. चोथा टाकून द्यायचा, पाण्याने पीठ भिजवायचं. हळद, मीठ, मोहन नेहमीचं.

चकली-कडबोळ्यांना अख्खा ओवा चालतो, पण आधी निवडून घ्या. चकलीच्या ताटलीत अडकतात त्या ओव्यातल्या काड्या, दाणा नाही. किलोभर भाजणीला 2 ते 3 चहाचे चमचे. भाजणी भाजताना ओवा त्यात भाजू नये, दळायलाही देऊ नये. उकड काढताना उकळत्या पाण्यात तीळ-तिखटाबरोबर टाकायचा, भाजणी घालून लगेच झाकायचं.

शेवरं

ओव्याचा अर्क पाण्यात उतरत नाही असं वर वाचलं. मग वाटून गाळलेल्या पाण्याचा वास शेवेला कसा येतो?

पाटावरवंटा

विरघळत नाही, पण वाटल्यावर तेलाचे अगदी सूक्ष्म थेंब पाण्यात पसरतात. म्हणूनच ते पाणी दुधट दिसतं. वाटून तासभर ठेवलं की तेल वर येतं, भांड्याच्या कडेला चिकटतं, उडतं. म्हणून वाटलं की लगेच पीठ भिजवायचं, आणि ओतण्याआधी पाणी हलवून घ्यायचं.

पागोळी

जेवणानंतर खायचा लिंबातला पाचक ओवा कसा करतात? कोकणात तो पावसाळ्यात हमखास चिकट होतो.

रातांबा

चिकट होतो तो मिठामुळे. मीठ हवेतली ओल ओढतं, आणि पादेलोणही तसंच. म्हणून प्रमाण आणि वेळ दोन्ही सांभाळायचं.

100 ग्रॅम ओवा निवडून, पाखडून घ्या. धुऊ नका, धुतलाच तर फडक्यावर पूर्ण सुकवा. काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात घ्या, पितळ-ॲल्युमिनियम नको, लिंबाचा रस त्यांना खातो. 50 ते 60 मिली गाळलेला लिंबाचा रस, म्हणजे दोन-तीन रसाळ लिंबं, 12 ग्रॅम सैंधव आणि 3 ग्रॅम पादेलोण एकत्र करून त्यात ओवा भिजवा. दाणे ओले झाले पाहिजेत, रसात पोहायला नकोत. रात्रभर झाकून ठेवायचा, सकाळी ताटात एकेरी थरात पसरून सावलीत, वाऱ्यावर सुकवायचा. सुकला की नुसत्या रसाची, मीठ न घालता, आणखी एक भावना द्या, म्हणजे पुन्हा भिजवून सुकवा. हवी तर तिसरीही. शेवटच्या भावनेत तुपात परतलेल्या खड्याच्या हिंगाची 1 ग्रॅम पूड आणि 5 ग्रॅम सुंठपूड मिसळा.

कडक उन्हात दिवसभर ठेवला तर लवकर सुकतो खरा, पण वास निम्मा उरतो. सावलीतच सुकवा, अगदी शेवटी अर्धा-पाऊण तास ऊन दाखवा. सगळं करायचं ते फेब्रुवारी ते एप्रिलच्या मध्यापर्यंत. मे महिन्यात खारा वारा इतका ओलसर होतो की दुसऱ्या भावनेचा ओवा दोन-दोन दिवस सुकत नाही आणि मग त्याला बुरशीचा वास लागतो. दाणा नखाखाली कटकन फुटला की सुकला म्हणायचा. दबला तर अजून ओल आहे.

काचेच्या लहान बाटल्यांत भरा. एकच मोठी बरणी रोज उघडली की दर वेळी ओल आत जाते. प्लॅस्टिक नको, ओव्याचा वास प्लॅस्टिकला कायमचा धरतो. लिंबाऐवजी आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, वापरायचं असेल तर आगळात आधीच भरपूर मीठ असतं हे लक्षात ठेवून वरून मीठ अजिबात घालू नका. रंग सुंदर येतो, पण टिकायला लिंबाचाच बरा.

जेवणानंतर अर्धा चहाचा चमचा, म्हणजे ग्रॅमभर, चावून खायचा. वर दोन घोट कोमट पाणी.

माडबन

यात भर म्हणून, पोट गच्च झालं असेल तर ओव्याचं पाणी. एक चहाचा चमचा ओवा खलबत्त्यात दोन-चार दणके देऊन पेल्यात घ्यावा, वर कपभर उकळतं पाणी ओतून लगेच झाकावं, दहा मिनिटांनी गाळून घोट घोट प्यावं. झाकणाच्या आतल्या बाजूला जमलेले थेंब पेल्यातच पाडायचे, त्यातही अर्क असतो. उघड्या पातेल्यात पाणी निम्मं होईपर्यंत उकळायची पद्धत ओव्याला लावू नका. घरभर वास सुटतो तो पोटात जायला हवा होता.

ताम्हण

पोटासाठी ओवा घेण्याबद्दल काही गोष्टी स्पष्ट लिहायला हव्यात.

ओवा उष्ण आणि तीक्ष्ण. जेवण जड झालंय, पोट फुगलंय, ढेकर अडकलाय, तिथे तो योग्य. छातीत जळजळ, आंबट ढेकर, आम्लपित्त, पोटात व्रण, तिथे तो त्रास वाढवतो. लोक 'पचन बिघडलं' या एकाच नावाखाली दोन्ही घालतात आणि मग ओव्याला दोष देतात. गरोदरपणात भाजीतला ओवा ठीक, पण औषध म्हणून चमचे-चमचे घेऊ नये. बाळंतिणीला जेवणानंतर बाळंतशेपा, ओवा, तीळ, सुकं खोबरं भाजून देतात ते प्रमाणात चांगलं. पण ओवा-बाळंतशेपांची धुरी कोंडलेल्या खोलीत नवजात बाळाला देऊ नका. कुठलाही धूर त्या फुप्फुसांना झेपत नाही.

'गॅस झालाय' म्हणून ओवा देऊन वाट बघण्याची सवय कधी कधी जिवावर बेतते. छातीवर दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दम लागणं, यातलं काही असेल तर ओवा बाजूला ठेवून आधी रुग्णालय गाठा. बेंबीपासून सुरू होऊन उजवीकडे खाली सरकणारी कळ, पोट लाकडासारखं कडक, ताप, रक्ताची उलटी, इथेही तेच.

आता नावांचे गोंधळ. हिंग्वाष्टक चूर्णात सुंठ, मिरी, पिंपळी, अजमोदा, सैंधव, जिरं, शहाजिरं आणि हिंग अशी आठ द्रव्यं. त्यातला अजमोदा म्हणजे ओवा नव्हे. दाणा ओव्यापेक्षा मोठा, वास सौम्य. बरेच जण बदली म्हणून ओवा घालतात, चालतं, पण चूर्ण जास्त तिखट होतं. हे चूर्ण तुपात कालवून जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घेतात.

खुरासानी ओवा मात्र पूर्ण वेगळा आणि विषारी आहे. तो धोतऱ्याच्या कुळातला. दाणा चपटा, मूत्रपिंडाच्या आकाराचा, करडा, अंगावर खळगे, आणि चोळल्यावर ओव्याचा वास येत नाही. पोटात गेला तर घशाला कोरड, बाहुल्या मोठ्या होणं, नाडी धावणं, बडबड. काष्ठौषधींच्या दुकानात 'ओवा' एवढंच सांगून पुडी घेऊ नका. चोळून वास बघा, मगच घ्या.

शेवरं

ओव्याचं फूल म्हणून स्फटिक मिळतात ते काय? तो ओव्याचा मोहोर असतो का?

ताम्हण

नाही, ते जवळजवळ शुद्ध थायमॉल. ओव्याच्या तेलातून स्फटिक रूपात वेगळं होतं. युरोपात 1719 साली कास्पर न्यूमनने थाइम या वनस्पतीतून ते पहिल्यांदा वेगळं केलं, नावही त्यावरूनच. आज बाजारातलं बरंच थायमॉल कारखान्यात बनवलेलं असतं.

हे स्फटिक साधारण 50 अंशांना वितळतात. पण ओव्याचं फूल, पेपरमिंटचं फूल आणि कापूर समभाग बाटलीत घालून हलवले की घरच्या तापमानालाच तिघांचं पाणी होतं. हीच अमृतधारा. ही आणि चमचाभर ओवा एका मापाने मोजू नका. स्फटिक ओव्याच्या कितीतरी पट तीव्र. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अंकुशकृमींवर थायमॉल हेच मुख्य औषध होतं, आणि तेव्हाही रुग्णाला त्यावर तेल-तूप आणि दारू देत नसत, कारण त्यांच्याबरोबर ते अंगात जास्त शोषलं जाऊन विषबाधा व्हायची. कापूर लहान मुलांच्या पोटात गेला तर झटके येऊ शकतात. त्यामुळे अमृतधारा मुलांना पाजू नका, नाकाला लावू नका, आणि पूजेचा कापूर घालून घरी करू नका.

पागोळी

कुंडीतल्या ओव्याच्या पानांची भजी करतात, तो ओवा हाच का?

माडबन

नाही. तो पानओवा, जाड लुसलुशीत केसाळ पानांचा, तुळशीच्या कुळातला. त्याला दाणा धरून मसाल्याचा ओवा मिळत नाही. वास सारखा येतो कारण पानातही थायमॉल आणि त्याचंच भावंड कार्व्हाक्रॉल असतं. फांदी खोचली की लागतो, पण आपल्या पावसात कुंडी पागोळ्यांखाली राहिली की आठवड्यात मुळं कुजतात. पडवीत, कडेला, उजेडात ठेवा.

भज्यांसाठी पानं धुऊन फडक्याने अक्षरशः एकेक पुसा. पान मुळातच पाणीदार, त्यात ओलं राहिलं तर तेल उडतं आणि पिठाचं आवरण सुटतं. वाटीभर बेसनाला 2 चहाचे चमचे तांदळाचं पीठ, हळद, तिखट, मीठ, आणि पळीवरून जाडसर धार पडेल इतकंच पाणी. सोडा नको, भजी तेल पितात. पीठ सैल झालं तर पान एकीकडे आणि भजं दुसरीकडे. या पिठात वेगळा ओवा घालायची गरज नाही.

खाजण

साठवणीचं राहिलं. अख्खा ओवा घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत, अंधाऱ्या फडताळात वर्षभर चांगला राहतो. चुलीच्या किंवा गॅसच्या वरच्या फळीवर ठेवला तर रोजच्या गरमीने चार महिन्यांत वास जातो. पूड करून ठेवूच नका. आणि मिसळणाच्या डब्यात आठवड्यापुरताच काढा, तो डबा दिवसातून दहादा उघडतो. पावसाआधी ऊन दाखवायची पद्धत आहे, पण ओव्याला सकाळचं कोवळं ऊन अर्धा तास पुरे, वर पातळ फडकं टाकून, आणि पूर्ण गार झाल्यावरच बाटलीत. गरम भरला तर झाकणाला आतून घाम येतो आणि तीच ओल दाण्याला लागते.

शेवरं

पोपटीसाठी चुरडलेला ओवा आदल्या रात्री मिठात मिसळून ठेवला तर चालेल का? शेतावर घाई होते.

खाजण

मीठ मोजून वेगळं, ओवा अख्खा वेगळ्या पुडीत. चुरडायचा शेंगा चोळतानाच.